परत येणं कुणाला परवडतं?

‘इंडस क्रीड’ हे नाव आमच्या भंडाऱ्यात फार लोकांना ठाऊक नसेल. मुंबईचा हा रॉक बँड १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झाला. इंग्रजीत, पण स्वतःची गाणी गायचा. १९९३ मध्ये नाव बदललं, १९९५ मध्ये नव्या नावाचाच अल्बम काढला आणि १९९७ मध्ये बँड फुटला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले, बाकीचेही आपापल्या वाटेने गेले. २०१० मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश टिनाईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रमवर नवे वादक घेतले. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. दोन अल्बममध्ये सतरा वर्षांचं अंतर!

जुनीच गाणी वाजवून टाळ्या घेणं त्यांना सोपं होतं. त्यांनी नवी गाणी केली, याचं मला कौतुक आहे. पण सतरा वर्षांनी परत येणं परवडतं कुणाला?

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. इथे ‘बँड’ म्हटलं की पितळी वाद्यांची बँडपार्टीच आठवते. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम, अंगावर झालरीचा कोट. विदर्भातल्या अशा पार्ट्यांत मुसलमान आणि दलित वादक पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आले. आधी त्यांची कामं डीजे आणि धुमालने खाल्ली. मग मार्च २०२० मध्ये ऐन लग्नसराईच्या तोंडावर लॉकडाऊन लागलं. घेतलेले बयाने परत करावे लागले. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी ऑटो चालवायला घेतला, कुणी वाद्य विकून टाकलं. ट्रम्पेटचं तर असं की रोजचा रियाज सुटला, की ओठांची ताकदच जाते. विकलेलं वाद्य एकवेळ पुन्हा घेता येईल, पण ओठ तयार होईपर्यंत घर कोण चालवणार?

आणि अशा माणसाला आपल्या मोहल्ल्यात काय ऐकावं लागतं? ‘बरं झालं, गाण्या-बजावण्यातून सुटलास!’

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्येच मतभेद आहेत. तो वाद मी इथे सोडवायला बसलेलो नाही. ज्याने मनापासून वाद्य खाली ठेवलं, त्याचा मी आदर करतो. पण ज्याला पोटासाठी ठेवावं लागलं, त्याच्या मजबुरीला तौबा म्हणू नका. उर्साच्या संदलपुढे बँड आपल्यालाच हवा असतो. तेव्हा त्या वादकाचा हुनर चालतो, मग एरवी त्याची लाज का वाटावी?

मुंबईच्या बँडला परतण्यासाठी ओळखी होत्या, वाट पाहणारे श्रोते होते. आमच्या वादकांसाठी ते आपल्यालाच व्हावं लागेल. लग्नात डीजेवर हजारो रुपये उडवतो, त्यातला एक तास बँडपार्टीला द्या. शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं. त्यासाठी वयस्कर वादकांचे अर्ज भरून द्यायला मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी बसावं. बँडवालाही कलावंतच आहे, हे कार्यालयात ठासून सांगावं.

त्यांच्या पुनरागमनाचा अल्बम निघणार नाही. पुढच्या वरातीत ते पुन्हा दिसले, तरी पुष्कळ झालं.