पौषातला पंखा
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शिरूर अनंतपाळात साऱ्याजणी शाली लपेटून बसलेल्या, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, ‘पंखा लाव की गं माय!’ पोरी हसल्या. पन्नाशीच्या आसपासच्या बायका मात्र मुकाट पंख्याखाली सरकल्या. आपल्याकडं बहुतेकींची पाळी ४६-४७ च्या सुमारास जाते, आणि त्या काळात अंगात अचानक उसळणारी ही आग सोसायची असते, बोलायची नसते. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जराशा उबेलाही घाम फोडतं. त्यात मावशींचा स्वभाव कुठं आला? तेव्हा पुरुषांनो, पंख्याचं बटण तिच्या हातात. तुम्हाला थंडी वाजली तर गोधडी घ्या. सुती साडी, उशाशी पाण्याचा तांब्या, रात्रीचा चहा बंद, ठेचा कमी, एवढ्यानंही काहीजणींना बरं वाटतं (ठेच्याचं माझ्या घरीच कुणी ऐकत नाही). झोपच उडाली तर डॉक्टर गाठा, औषधं आहेत. पण ‘गर्भपिशवीच काढून टाका’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. सोबत दोन्ही अंडाशयं गेली, तर हीच आग तिशीतसुद्धा लागते, तीही एकदम. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र लगेच तपासून घ्या. तिथं ‘होतं असं वयात’ म्हणणाऱ्या सासूबाईंचंही ऐकू नका.