छातीवरचे वाक्य

दरवर्षी ऑक्टोबरची १० तारीख जवळ आली की महाविद्यालयांच्या आवारांत, बँकांच्या कार्यालयांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दारांशी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले जथे दिसू लागतात. १९९२ पासून हा दिवस जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. टी-शर्टावर मनाच्या आरोग्याविषयी एखादे वाक्य असते. ते बहुधा इंग्रजीत असते आणि त्याखालचे प्रायोजकाचे नाव वाक्याहून ठळक असते. पदयात्रा निघते, छायाचित्रे घेतली जातात, आणि काही महिन्यांत त्यांतले बरेचसे सदरे स्कूटर पुसण्याच्या कामी रुजू होतात. या प्रकाराची थट्टा करणे अवघड नाही, आणि ती काही अंशी रास्तही आहे. तथापि थट्टा करून विषय हातावेगळा करता येत नाही. कारण वस्त्र आणि मनोविकार यांचे नाते जुने आहे आणि ते फारसे अभिमानास्पद नाही.

मनोविकारावर परिणामकारक औषधे १९५० नंतर हाती येऊ लागली. त्याच्या कितीतरी आधी मनोरुग्णाला वेगळे कपडे मात्र मिळाले होते. हात जखडून टाकणारा लांब बाह्यांचा सदरा युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत अठराव्या शतकापासून वापरात होता. आपल्याकडील मनोरुग्णालयांत सर्वांना एकसारखा गणवेश आणि भादरलेले डोके हा रिवाज दीर्घकाळ चालला. महाराष्ट्राला हे दृश्य दुसऱ्या एका संदर्भात चांगले परिचित आहे. विधवेचे केशवपन करून तिला आलवण नेसवणाऱ्या समाजाचा आणि रुग्णाचे मुंडन करून त्याला गणवेश चढवणाऱ्या संस्थेचा हेतू निराळा असेल, परंतु परिणाम एकच होता. ही व्यक्ती कोण आहे, हे तिने तोंड उघडण्यापूर्वीच बघणाऱ्याला कळावे, आणि एकदा कळल्यावर तिच्याशी बोलण्याची गरजच उरू नये! संसदेने २०१७ साली केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, रुग्णाचे सक्तीने मुंडन करता येणार नाही. त्याची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालता येतील आणि संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येणार नाही. एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहावी लागली, यावरून तिची किती वानवा होती याची कल्पना येते.

हा जुना संस्कार केवळ इस्पितळांच्या भिंतींआड राहिलेला नाही. २०१३ साली ब्रिटनमधील आस्दा आणि टेस्को या दोन बड्या दुकानसाखळ्यांनी हॅलोविनच्या सोंगासाठी ‘मनोरुग्णा’चा पोशाख विक्रीला ठेवला होता. आस्दाच्या पोशाखात रक्ताचे डाग आणि हातात सुरा होता. लोकांचा रोष इतका झाला की दोघांनाही माल मागे घेऊन माफी मागावी लागली. परंतु त्या वेळी खरे प्रभावी उत्तर दिले ते मनोविकारातून गेलेल्या सामान्य माणसांनी. ‘मनोरुग्णाचा पोशाख’ म्हणून त्यांनी स्वतःची छायाचित्रे प्रसिद्ध केली. कोणी कार्यालयीन कोटात, कोणी घरच्या स्वेटरमध्ये. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये मिलान येथे गुची या प्रसिद्ध पेढीने हात बांधणाऱ्या सदऱ्यासारखे पांढरे कपडे प्रदर्शनात फिरवले, तेव्हा आयेशा टॅन जोन्स या मॉडेलने त्याच सोहळ्यात आपले तळहात वर केले. मानसिक आरोग्य ही फॅशन नव्हे, अशा अर्थाचे शब्द त्यांवर लिहिलेले होते. हे कपडे विक्रीसाठी नाहीत, असा खुलासा पेढीने केला. पण सर्वांच्या लक्षात राहिले ते तळहात.

यावरून अंगावर घातलेले शब्द निरुपयोगी असतात असा निष्कर्ष निघत नाही. उलट ते कोणी आणि कशासाठी घातले याला महत्त्व येते. याचा सर्वांत बोलका दाखला मनोविकाराचा नाही, पण तितक्याच कलंकित मानल्या गेलेल्या दुसऱ्या एका रोगाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९९८ मध्ये गुगु द्लामिनी या स्त्रीचा, तिने आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीरपणे सांगितल्यानंतर, जमावाने बळी घेतला. त्याच महिन्यात स्थापन झालेल्या ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ या संघटनेने ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ अशी मोठी अक्षरे छापलेले टी-शर्ट काढले. ते लागण झालेल्यांनी घातले आणि न झालेल्यांनीही. बघणाऱ्याला कोण रोगी आणि कोण निरोगी हे ओळखता येईना, आणि दगड कोणावर टाकायचा हेही कळेना. डिसेंबर २००२ मध्ये केपटाउनजवळील खायेलित्शा वस्तीत नेल्सन मंडेला यांनी तो टी-शर्ट अंगात घातला.

आलवणाची किंवा गणवेशाची नेमकी उलटी क्रिया येथे घडली. खूण एकट्याच्या अंगावरून काढून सर्वांच्या अंगावर घातली गेली, आणि म्हणून ती खूण राहिली नाही. मात्र या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. ही संघटना टी-शर्ट वाटून थांबली नव्हती. मातेकडून अर्भकाला होणारी लागण रोखणारे औषध सरकारी इस्पितळांतून मिळावे म्हणून ती न्यायालयात गेली आणि जुलै २००२ मध्ये तिथल्या घटनापीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. छातीवरच्या अक्षरांमागे वकील होते, डॉक्टर होते, औषधाच्या किमतीचा हिशेब होता.

मनोविकाराच्या क्षेत्रात इतका भक्कम आधार असलेले उदाहरण दाखवणे कठीण आहे. अमेरिकेत २०१३ साली एमी ब्लूएल यांनी सुरू केलेला अर्धविरामाचा उपक्रम त्यातल्या त्यात लक्षणीय म्हणावा लागेल. लेखकाला वाक्य संपवता आले असते, पण त्याने ते पुढे चालू ठेवले, असा त्या चिन्हाचा अर्थ. ते प्रथम मनगटांवर आले आणि मग कपड्यांवर. त्यात एक शहाणपण होते. अर्धविराम कोणाला उपदेश करीत नाही. बघणारा स्वतः विचारतो की हे काय आहे, आणि मग किती सांगायचे हे ल्यालेल्याच्या हाती राहते. ब्लूएल यांचा २०१७ साली आत्महत्येने अंत झाला. चिन्हाची किंमत त्यामुळे कमी होत नाही, पण चिन्ह म्हणजे उपचार नव्हे याचा याहून क्लेशदायक पुरावा नसेल.

मराठीत तर पहिली अडचण भाषेचीच आहे. इंग्रजी टी-शर्टांवरचे लोकप्रिय वाक्य मराठीत आणू गेल्यास ‘बरे नसणे हेही बरेच आहे’ अशी काहीतरी विनोदी कसरत होते. शिवाय येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, याचा भाषेने केलेला उपयोग पाहावा: ‘ह्याला येरवड्याला पाठवा’, ‘हा ठाण्याचा दिसतो’. गावाच्या नावाची शिवी करणाऱ्या भाषेत एखादा मुलगा मला डॉक्टरांकडे न्या असे बापाला कोणत्या तोंडाने सांगणार? आणि आपला नित्याचा कुशलप्रश्न तरी कसा आहे? ‘काय, बरं आहे ना?’ यातला ‘ना’ उत्तर आधीच देऊन टाकतो. समोरच्याने फक्त मान हलवायची असते. मराठी सदऱ्यावर काही छापायचेच असेल तर तो ‘ना’ काढून टाकून ‘खरंच बरं आहे?’ एवढेच छापावे. इंग्रजी सुभाषिताने जे होत नाही ते या तीन शब्दांनी एखाद्या एस.टी.च्या थांब्यावर, एखाद्या वाचनालयाच्या पायरीवर होऊ शकेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा शब्द अनेक मराठी घरांत पहिल्यांदा नेला. आधी शब्द घरात यावा लागतो, विचारपूस त्यानंतरची.

पण विचारपूस झाल्यावर काय? बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीनुसार १०.६ टक्के प्रौढ त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्रस्त होते, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. कलंक हे त्याचे एक कारण आहे. डॉक्टरच नसणे हे दुसरे. कलंकाविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली १४ देशांतील ७२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रौढांचे ग्रह बदलण्यास माहितीपेक्षा बरे झालेल्या माणसाशी प्रत्यक्ष गाठभेट अधिक उपयोगी पडते, आणि किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मात्र शिकवणे अधिक उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. टी-शर्ट ही गाठभेट नव्हे आणि तो धडाही नव्हे. फार तर तो दोन्हींची प्रस्तावना होऊ शकेल. शाळेत त्यावर पैसे खर्च करण्याआधी एक तास या विषयाला द्यावा, एवढे तरी शिक्षकांना या आढाव्यातून घेता येईल.

ज्याला ही प्रस्तावना पुरेशी वाटते त्याने पुढील प्रसंगाचा विचार करावा. एक शिक्षक ‘बोल, मी ऐकतो’ असे लिहिलेला सदरा घालून वर्गात येतात. तास संपल्यावर दहावीतली एक मुलगी मागे रेंगाळते आणि सांगते की तिला रात्र रात्र झोप लागत नाही, जगणे नकोसे झाले आहे. त्या क्षणी त्या सदऱ्याची हुंडी वटवायची वेळ आलेली असते. शिक्षकांनी ‘वेडी आहेस का, अभ्यासात लक्ष घाल’ असे म्हटले तर ती मुलगी पुन्हा कोणापाशीही बोलणार नाही. सदरा नसता तर निदान तिने दुसरा कोणी माणूस शोधला असता. शिक्षक मनोविकारतज्ज्ञ नसतात आणि त्यांनी तसे व्हावे अशी अपेक्षाही नाही. त्यांनी ऐकून घ्यावे, तिला एकटे सोडू नये, घरच्यांपैकी विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि जवळचे समुपदेशक किंवा डॉक्टर कोण आहेत हे आधीच माहीत करून ठेवावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. सदऱ्यावर छापण्यासारखा मजकूर शोधणाऱ्यांनी या पाच आकड्यांचाही विचार करावा. प्रायोजकाच्या नावाइतकी जागा त्यांना पुरेल.

कार्यालयांची कथा निराळी नाही. मन खचल्यामुळे आठवडाभर उठू न शकलेला कारकून रजेच्या अर्जावर ‘कंबरदुखी’ लिहितो, आणि त्याला ओळखीचे डॉक्टर तसे प्रमाणपत्रही देतात. खरे कारण लिहिले तर साहेबांच्या नजरेत तो कायमचा ‘तसला’ ठरेल, बढतीच्या वेळी ते कोणाला तरी आठवेल, ही त्याची भीती अनाठायी नसते. वास्तविक २०१७ च्याच कायद्याचे एकविसावे कलम मनोविकाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे असे सांगते आणि विमा कंपन्यांनाही ते बांधून घेते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारे दंडसंहितेचे ३०९ वे कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत त्या रूपात उरलेले नाही. कायदा पुढे गेला आहे. रजेचा अर्ज मात्र अजून कंबरेपाशीच अडला आहे.

तेव्हा एखाद्या कार्यालयाने येत्या ऑक्टोबरात आपल्या नोकरवर्गाला टी-शर्ट वाटावेत, त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. साहेबांनीही तो घालावा, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचा सदरा घालून खुर्चीत बसल्यावर त्यांच्यापुढे आजाराचे खरे नाव लिहिलेला पहिला अर्ज आला, तर त्यावर शेरा न मारता सही करावी.