पेशंटला बोलू द्या

गेलं वर्षभर एक दृश्य माझा पिच्छा सोडत नाही. आधी ड्रोनने टिपलेली काचेची उंच इमारत, मग हाताची घडी घालून कॉरिडॉरमधून एका रांगेत चालत येणारे डॉक्टर. पार्श्वभूमीला व्हायोलिन. केस किती गुंतागुंतीची होती आणि परदेशातून आणलेल्या यंत्राने ती कशी सुटली, हे मुख्य सर्जन सांगतात. शेवटी खाटेवरचा पेशंट दिसतो. तो हात जोडतो, ‘डॉक्टर देवासारखे धावून आले’ म्हणतो, आणि डिस्चार्जच्या वेळी त्याच्या हाती गुच्छ दिला जातो. हे प्रतीक्षाकक्षातल्या टीव्हीवर दिसतं, स्थानिक वाहिनीवर दिसतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर येतं. रुग्णालयं आणि गावं बदलतात, पण ते वाक्य बदलत नाही. याला माहितीपट म्हटलं जातं. मला याचा मनापासून राग आहे, आणि या वर्षीचं संपादकीय त्या रागातूनच लिहितो आहे.

सरत्या वर्षाने इतर विषय दिले नाहीत असं नाही. जयंत नारळीकर गेले. बारा किल्ले जागतिक वारसा यादीत पोहोचले. पहिलीपासून तिसरी भाषा लादणारा शासन निर्णय लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला. मराठवाड्यात सप्टेंबरच्या पावसाने पिकासकट माती वाहून नेली, आणि त्या घरांमधली दिवाळी आपल्यासारखी नाही याचं भान हा अंक हाती घेताना असावं. पण जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली, सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांमध्ये माणसांच्या हातापायांतलं बळ जाऊ लागलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे: पेशंटला बोलू कोण देतं? त्या दिवसांत पडद्यावर डॉक्टर बोलत होते, अधिकारी बोलत होते, मंत्री बोलत होते. आजारी माणूस मात्र आकड्यापुरताच उरला होता.

रुग्णालयाच्या माहितीपटात त्याला आभाराचं एक वाक्य मिळतं. बाकी काही त्याला विचारलंच जात नाही. अनामत रकमेचे पैसे कुठून उभे केले, रात्री खाटेखाली कोण झोपलं, संमतीपत्रावर सही करताना त्यातलं काय समजलं, घरी गेल्यावर कामावर परत जाता आलं का? आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना २००६ पासून लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांनी काढलेल्या अशा कितीतरी फिती मी पाहिल्या. या खाटांचा उल्लेख मला एकीतही सापडला नाही. ज्या माणसाला तो हक्क माहीत असायला हवा, तोच त्या टीव्हीसमोर केसपेपर हातात धरून बसलेला असतो.

यात माहितीपट या माध्यमाचा दोष नाही, म्हणून तर चीड अधिक येते. अमेरिकी माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘हॉस्पिटल’ १९७० चा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात कॅमेरा नेला, निवेदन नाही, मुलाखती नाहीत, संगीत नाही. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ एका निराधार तरुणाला सरकारी मदत मिळावी म्हणून कल्याण खात्याला फोन लावतो. समजावतो, पुन्हा समजावतो, आवाज आवरतो. पलीकडची बाई फोन ठेवून देते. या प्रसंगात कुणाचा जीव वाचत नाही, कुठलंही यंत्र दिसत नाही. पण डॉक्टरच्या कामाचा केवढा भाग औषधाबाहेरच्या जगाशी झगडण्यात जातो, हे त्यातून जितकं कळतं तितकं शंभर गुच्छांमधून कळणार नाही. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमधला निवासी डॉक्टर रात्री दोन वाजता रक्ताच्या पिशवीसाठी, व्हेंटिलेटरच्या खाटेसाठी, रुग्ण हलवायला गाडी मिळावी म्हणून हेच करत असतो. त्याच्यावर कोण चित्रपट काढतो?

आपल्याकडेही असं काम झालं आहे. दीपा धनराज यांचा ‘समथिंग लाइक अ वॉर’ १९९१ चा. विषय कुटुंबनियोजनाचा. दुर्बिणीने नसबंदी करणारा एक नामवंत डॉक्टर त्यात स्वतःच्या वेगाबद्दल आणि संख्येबद्दल अभिमानाने बोलतो. दिग्दर्शिका त्याच्याशी वाद घालत नाही. ती त्याला बोलू देते, आणि मग टेबलावरच्या बाईकडे आपलं लक्ष नेते. त्याच चित्रपटात बायका एकत्र बसून स्वतःच्या शरीराबद्दल, पाळीबद्दल, मुलांबद्दल मोकळेपणी बोलतात. म्हणजे इथे रुग्णाला वाक्यं आहेत, आणि ती आभाराची नाहीत. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. दहाहून अधिक जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. दीपाताईंनी हा धोका तेवीस वर्षं आधी पडद्यावर मांडला होता. आपण तो चित्रपट वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवला असता, तर शिबिराच्या रांगेतल्या एखादीने तरी ‘इतक्या घाईने का?’ असं विचारलं असतं, असं मला फार वाटतं.

ऑस्कर मिळवणारा ‘स्माइल पिंकी’ मला आवडतो. दुभंगलेल्या ओठाची ती मिर्झापूरकडची मुलगी आणि वाराणसीचे डॉक्टर सुबोध कुमार सिंह यांची ती गोष्ट खोटी नाही. गावोगाव फिरून मुलं शोधणारे कार्यकर्तेही त्यात दिसतात. तरी पाहणाऱ्याच्या मनात एक समजूत राहून जाते की शस्त्रक्रिया झाली म्हणजे गोष्ट संपली. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या आईबापांना विचारा. बोलण्याचे उपचार, दातांची ठेवण, पुढच्या शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षांच्या फेऱ्या, शाळेतली चिडवाचिडवी, हे सगळं ओठ जुळल्यावर सुरू होतं.

आणि ही समजूत निरुपद्रवी नाही. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकी टीव्हीचा एक अभ्यास छापला. दोन वैद्यकीय मालिका आणि खऱ्या घटनांवर आधारलेला ‘रेस्क्यू ९११’ हा कार्यक्रम, मिळून ९७ भाग तपासले. छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याचे ६० प्रसंग निघाले. पडद्यावर त्यातले ७५ टक्के रुग्ण तत्काळ वाचले आणि ६७ टक्के बरे होऊन घरी गेल्याचं दिसलं. प्रत्यक्षात रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चार-पाचांतला एक घरी जातो, बाहेर रस्त्यात थांबलं तर त्याहूनही कमी. आयसीयूबाहेर ‘काहीही करा, पण वाचवा’ म्हणणारा मुलगा हेच पडद्यावरचं गणित मनात घेऊन उभा असतो. वडील गेले की त्याला मृत्यू दिसत नाही, कुणाची तरी चूक दिसते. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरी हल्ले थांबलेले नाहीत. हल्ला करणाऱ्याला मी कधीही माफ करणार नाही. पण ज्या रुग्णालयांनी वर्षभर चमत्कार विकले, त्यांनी त्या कॉरिडॉरमधल्या रागाची जबाबदारी झटकू नये. तो राग झेलतो तो पंचवीस वर्षांचा निवासी डॉक्टर. ती जाहिरात त्याने केलेली नसते.

वाइजमन यांनीच १९८९ मध्ये बॉस्टनच्या एका आयसीयूवर ‘निअर डेथ’ केला. जवळपास सहा तासांचा. त्यात डॉक्टर नातेवाइकांना तेच पुन्हा पुन्हा सांगतात, शब्द बदलतात, थांबतात, ऐकतात. मरण समजावून सांगायला एवढा वेळ लागतो. दीड मिनिटाच्या फितीत तो मावणार नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

आता परवानगीचा मुद्दा, आणि इथे मला तडजोड नको आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाडीखाली सापडलेल्या एका वृद्धाचे शेवटचे क्षण रुग्णालयात टीव्हीसाठी चित्रित झाले. पुढच्या वर्षी त्याची पत्नी घरी ‘एनवाय मेड’ हा कार्यक्रम बघत होती. चेहरा धूसर केलेला होता, तरी तिने नवऱ्याला ओळखलं. परवानगी ना त्याला विचारली होती, ना घरच्यांना. २०१६ मध्ये न्यूयॉर्क-प्रेस्बिटेरियन रुग्णालयाने बावीस लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. आपल्याकडे कोविडच्या काळात ऑक्सिजन लावलेल्या माणसांचे चेहरे घरोघरी पोहोचले. त्यांना कुणी विचारलं होतं? उद्या ज्याच्या हातात स्वतःचं पोट उघडं राहणार आहे, त्या डॉक्टरने ‘जरा कॅमेऱ्यासमोर बोला’ म्हटल्यावर नाही म्हणण्याची हिंमत किती जणांत असेल? म्हणून परवानगी डिस्चार्जनंतरच घेतली पाहिजे, उपचार करणाऱ्या डॉक्टरने ती मागता कामा नये, प्रसारणाआधी पेशंटने फीत पाहिलीच पाहिजे आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याला माघार घेता आली पाहिजे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘साक्षीदार’ आहे. कोर्टातले, इतिहासातले, धरणाखाली गेलेल्या गावांतले साक्षीदार तुम्हाला आत भेटतील. वॉर्डाचा विभाग मी हट्टाने घातला. त्यात रात्रपाळीच्या सिस्टर आहेत, मावशी आहेत, वीस वर्षं डायलिसिसवरच्या लोकांना गाडीने नेणारा एक चालक आहे, आणि सर्वांत जास्त पानं पेशंटना दिली आहेत. प्रत्येकाने आपला मजकूर छपाईआधी वाचला. दोघांनी तो मागे घेतला, आणि ती पानं आम्ही काढून टाकली. कुणाचाही खाटेवरचा फोटो या अंकात नाही. तुमच्यापैकी जे आजारपणातून गेले आहेत, त्यांनी आपलं लिहून पाठवावं. बिलासकट, आणि डॉक्टरांचं चांगलं-वाईट दोन्ही. पुढच्या अंकापर्यंत थांबायचं कारण नाही, जानेवारीपासून आपल्या मासिकात हे सदर सुरू होतं आहे.