आमदार तेराव्याला हजर, कापसाच्या प्रश्नाला गैरहजर



गेल्या वेचणीच्या दिवसांत एका सोमवारी मी आमच्या आमदारांच्या घरी गेलो. अंगणात पन्नास-साठ माणसे बसलेली. कुणाची डीपी जळाली होती, कुणाला जावयाची बदली पाहिजे होती, कुणाला ठाण्यात फोन लावून पाहिजे होता. भिंतीवर आठवड्याचा कागद चिकटवलेला: मंगळवारी सभामंडपाचे भूमिपूजन, बुधवारी तहसीलची बैठक, गुरुवारी दोन लग्ने, शुक्रवारी तेरावे, शनिवारी कबड्डीचे उद्घाटन. मी विचारले, "भाऊ, मागच्या अधिवेशनात कापसावर काय विचारलं?" ते हसले. म्हणाले, "काका, सभागृहात बोलून मत वाढत नाही. तेराव्याला नाही गेलो तर मात्र घरचं मत जातं."

माणूस खोटे बोलला नाही. ही सवय त्याला आपणच लावली.

डीपी बदलणे हे वीज कंपनीच्या माणसाचे काम, दाखला देणे तहसीलदाराचे. त्यासाठी त्यांना पगार आहे. आमदाराच्या चिठ्ठीशिवाय ती कामे होत नसतील, तर चिठ्ठी देणारा आमदार चांगला ठरत नाही. कारभार सडला आहे, आणि त्याचा जाब विचारायलाच त्याला पाठवला होता.

विधानसभेत २८८ आमदार आहेत. अधिवेशने तीन: अर्थसंकल्पाचे आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. घटना एवढेच सांगते की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये. प्रत्यक्ष कामकाजाचे दिवस मोजले तर वर्षाकाठी दोन महिनेही भरत नाहीत. त्या थोड्या दिवसांत मात्र साध्या आमदाराच्या हातात मोठी हत्यारे असतात. तारांकित प्रश्न आधी लेखी दिला की मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, वर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी आहे, कपात सूचना आहे. शुक्रवारी अशासकीय कामकाज असते, तेव्हा मंत्री नसलेला आमदारही स्वतःचे विधेयक मांडू शकतो. आपल्या किती आमदारांनी शेतीवर असे विधेयक मांडले, हे गावात कुणी विचारले आहे का?

"भाव दिल्लीत ठरतो, मी काय करू," हे उत्तर तुम्ही ऐकले असेल. आधारभूत किंमत दिल्ली जाहीर करते, खरे आहे. पण शेती, पाणी, जमीन, बाजार हे विषय घटनेने राज्याच्या यादीत टाकले आहेत. बाजार समितीचा १९६३ चा कायदा मुंबईतच झाला. जमीन धारणेवर मर्यादा घालणारा १९६१ चा कायदाही तिथलाच.

आणि कापूस एकाधिकार? तो १९७१ चा कायदा. १९७२-७३ च्या हंगामापासून आपल्याच शेतातला कापूस सरकारी केंद्राशिवाय दुसरीकडे विकण्याची वाट बंद झाली. पलीकडे मध्य प्रदेशात किंवा आंध्रात दोन पैसे जास्त मिळत असले तरी गाडी सीमेवर अडवली जाई. इकडे ग्रेडरपुढे हात जोडायचे आणि चुकाऱ्यासाठी खेटे घालायचे. पडत्या बाजारात या योजनेने कधी आधारही दिला, ते मी नाकारत नाही. पण कुणाला विकायचे हे ठरवण्याचा आपला हक्क कायद्याने काढून घेतला गेला. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत योजना तीस वर्षे चालली. २००२ साली खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. एवढा काळ कापूस पट्ट्याचे आमदार सभागृहात बसलेलेच होते.

याच विधिमंडळाने रोजगार हमीचा १९७७ चा कायदाही केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्या कल्पनेमागे होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसाला त्याची किंमत ठाऊक आहे. म्हणजे मनात असले तर त्या इमारतीत काम होते.

आता पैशाचे बघा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला काही कोटींचा निधी मिळतो आणि आपण त्यातून सभामंडप मागतो. त्याच आमदाराचा हात राज्याच्या २०२५-२६ च्या सुमारे ७ लाख कोटींच्या अर्थसंकल्पावर वर होतो. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडून मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. मत पक्षाकडे गहाण आहे, कबूल. पण प्रश्न विचारला म्हणून कुणाची आमदारकी जात नाही. तोंड तरी मोकळे आहे ना?

नागपूरचे अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातून आले. ते साधारण डिसेंबरात भरते, म्हणजे आपला कापूस बाजारात येतो नेमका तेव्हा. २०२४ साली ते १६ ते २१ डिसेंबर, अवघे सहा दिवस चालले. एवढ्या दिवसांत आपल्या मतदारसंघाचा एक तरी प्रश्न लागायचा तर तो खूप आधी लेखी गेलेला पाहिजे.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने कापूस आणि ज्वारीवरचा एकेक प्रश्न लिहून आणावा. खरेदी केंद्र कधी उघडले, काट्यावर कपात किती झाली, पैसे किती दिवसांनी मिळाले, हे तारखांसह लिहा. आमदारांना कागद देऊन प्रतीवर सही घ्या. अधिवेशन संपल्यावर तीच प्रत घेऊन पुन्हा जा. त्या दिवशी त्यांना लग्न असेल तर मांडवात गाठा.