विश्लेषण : गढूळ पाण्याचे छायाचित्र मिळाले, गाळाचा आकडा कधी?

खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला, की कर्वेनगरजवळ मुठेचे पाणी तांबूस होते. राजाराम पुलावरून पाहणाऱ्याला गाळ आल्याचे कळते. पण लिटरमागे किती, हे सांगता येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या उपग्रहाची अडचणही हीच आहे.

उपग्रह काय मोजतो?
गाळ नव्हे, प्रकाश. स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश बराचसा शोषते. मातीचे कण तो परत फेकतात. गाळ फार वाढला की तांबड्या प्रकाशातील फरक पुसट होतो. मग अवरक्त किरणांचा आधार घ्यावा लागतो. ‘इस्रो’ने नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३ समुद्राचा रंग १३ पट्ट्यांत टिपतो, युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी छायाचित्रे तर मोफत मिळतात.

मग अडते कुठे?
रंगावरून वजन काढण्याचे सूत्र जागेनुसार बदलते. बारीक चिकणमाती आणि जाड वाळू समान वजनाची असली, तरी सारखी चमकत नाही. त्यामुळे उपग्रह वरून जाण्याच्या सुमारास होडीतून पाण्याचे नमुने घेऊन, ते गाळून, वाळवून तोलावे लागतात. शिवाय उपग्रहाला वरचाच थर दिसतो. तळालगतचा दाट गाळ नाही. भरती-ओहोटीने चित्र काही तासांत पालटते. आणि नद्या सर्वाधिक गाळ आणतात, त्याच पावसाळ्यात ढग आड येतात.

सामान्यांचा संबंध काय?
मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांचे जलमार्ग खोल ठेवण्यासाठी गाळ उपसावा लागतो. त्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. उपसलेला गाळ समुद्रात टाकल्यावर तो मासेमारीच्या जागांकडे सरकतो का, हा कोळीवाड्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

काय करायला हवे?
मुठेच्याच काठी, खडकवासल्यात, १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र बंदरांतील गाळाचा अभ्यास करते. म्हणजे जाणकारांची उणीव नाही. किनाऱ्यावरील ठरावीक जागी, पावसाळ्यातही, दर पंधरवड्याला नमुने घ्यावेत आणि ते आकडे तारीख, वेळ व भरतीच्या नोंदीसह सर्वांसाठी खुले करावेत. उपग्रहाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. तो टाळला, तर एकच छायाचित्र दाखवून बंदर म्हणेल गाळ नदीचा, मच्छीमार म्हणतील उपशाचा. आणि दोघांनाही खोडता येणार नाही.