कच्चे चिकन, पक्की तक्रार

ग्राहक मार्गदर्शन केंद्राचा फोन वाजतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी. तोवर पाकीट घंटागाडीत गेलेले असते, पावती पँटच्या खिशात धुऊन निघालेली असते, आजारी माणसाला दोन सलाईन लावून झालेल्या असतात आणि तक्रारदाराकडे उरलेला असतो तो निव्वळ संताप. "सुपरमार्केटवाल्याला सोडायचं नाही, पाच लाख मागा," असे तो सांगतो आणि आपला कार्यकर्ता उत्साहाने कागद घेऊन बसतो. केस तिथेच हरलेली असते. फक्त ते कळायला पुढे बऱ्याच तारखा जाव्या लागतात.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांसाठी हे मुद्दाम लिहीत आहोत. न उगवलेले बियाणे, मारका काटा, गॅस सिलिंडर, पतसंस्थेत अडकलेली ठेव या तक्रारींत आपला हातखंडा आहे. अन्नाची तक्रार म्हणजे दुधातले पाणी, फार तर मिठाईतली अळी. पण मंचर, नारायणगाव, आळेफाटा या महामार्गावरच्या बाजारपेठांत वातानुकूलित दुकाने आली, त्यांत काचेचे फ्रीझर आले आणि नगेट, कबाब, पराठे यांची पाकिटे आठवड्याच्या किराण्यात जाऊन बसली. 'आतून कच्चे निघाले' ही तक्रार त्यांच्यामागोमाग आली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'वस्तू' या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे दार उघडे आहे. मात्र आत जाताना हातात काय आहे, यावर सगळे ठरते.

समजा, नारायणगावच्या एका घरात शनिवारी संध्याकाळी चिकन नगेटचे पाकीट आणले. पोरांनी तळून खाल्ले, एक तुकडा मोडला तर आत गुलाबी आणि लिबलिबीत. रात्री थोरल्याला उलट्या. आपल्याकडे फोन आला, तर पहिला प्रश्न 'किती पैसे हवेत?' हा नाही, 'डॉक्टरांकडे गेलात का?' हाही दुसरा. पहिला प्रश्न: पाकिटावर काय छापले आहे, 'रेडी टू ईट' की 'रेडी टू कुक'?

या दोन शब्दांवर अर्धी केस फिरते. 'रेडी टू ईट' म्हणजे कंपनीने शिजवून दिले आहे, ते कच्चे निघाले तर दोष उघड आहे. 'रेडी टू कुक' असेल तर शिजवण्याची जबाबदारी घरच्या कढईवर येते. बाहेरचा थर फॅक्टरीत हलका तळलेला असल्याने नगेट सोनेरी आणि तयार दिसतो, आतले मांस कच्चे असू शकते, आणि पाकिटामागे बारीक अक्षरांत 'इतकी मिनिटे, इतक्या आचेवर' असे लिहिलेले असते. ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 87 म्हणते की अपाय झाला त्या वेळी वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात बदल झालेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. समोरचा वकील हेच बोट पाकिटाच्या पाठीवर ठेवणार. मग आपला मुद्दा वेगळा हवा: सूचना अपुरी होती, वाचता येणार नाही अशी होती, की सूचनेप्रमाणे तळूनही आत कच्चे राहिले? तिसरी गोष्ट खरी असेल तर कोणत्या भांड्यात, किती तेलात, किती वेळ तळले ते त्याच रात्री तक्रारदाराने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे.

गुलाबी रंगाचेही तसेच. फोटोत मांस गुलाबी दिसले की आपण 'पुरावा मिळाला' म्हणून मोकळे होतो. कोवळ्या कोंबडीचे मांस गोठवले की हाडातील मगजाचा रंग भोवतीच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजल्यावरही हाडालगत तांबूस, काळपट दिसतो. हे अन्नतंत्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असते, कंपनीच्या तज्ज्ञाला तर असतेच. मांस आतपर्यंत किमान 70 अंश सेल्सिअस तापले पाहिजे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे, आणि तो डोळ्यांनी नाही, थर्मामीटरने मोजतात. तेव्हा फोटो घ्यावा तो हाडापासून दूरच्या, जाड भागाचा, तुकडा मोडतानाचा; शक्यतो व्हिडिओ, आणि त्यात पाकीटही दिसेल असा.

आता आजारपण. इथे आपले कार्यकर्ते सर्वाधिक फसतात, कारण आजारी माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. कच्च्या चिकनमधून येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू साधारण दोन ते पाच दिवसांनी त्रास देतो. साल्मोनेलाला बहुधा बारा ते छत्तीस तास लागतात. नगेट खाल्ल्यावर तासाभरात उलटी झाली असेल तर कारण यांपैकी कोणतेच नसण्याची शक्यता दाट. दुपारी बाहेर काय खाल्ले, ते विचारावे. आणि शनिवारी खाल्लेल्या कच्च्या चिकनचा त्रास मंगळवारी सुरू झाला, तर तक्रारदार सोमवारच्या मिसळीला शिव्या देत बसतो.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले, आकडा पुढे दोनशेच्या घरात पोचला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशयाची सुई मुख्यतः पाण्यावर होती, तरी अर्धवट शिजलेले चिकन खाऊ नका हा सल्लाही तेव्हा दिला गेला. आपल्या कामाचा धडा त्यात एवढाच की जंतू सापडला तो नमुने तपासले म्हणून. गावाकडे होते उलटे. जुलाब लागले की आधी सलाईन आणि अँटिबायोटिक, शौचाची तपासणी कुणी सांगत नाही, आणि औषध पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू उगवण्याची शक्यता घटते. म्हणून फोनवर सांगायचे ते असे: डॉक्टरांना औषधाआधी नमुना घ्यायला सांगा, आणि केसपेपरवर 'काय खाल्ले, कधी खाल्ले, त्रास कधी सुरू झाला' हे तीन तपशील लिहून घ्या. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय असो की गल्लीतला दवाखाना, हे सौजन्याने मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. रुग्णाची तब्येत मात्र पहिली. नमुन्यासाठी उपचार थांबवायला सांगणारा कार्यकर्ता आम्हाला नको.

घरी उरलेले तुकडे झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठवल्याने कॅम्पिलोबॅक्टर बऱ्याच प्रमाणात मरतो. पण या तुकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. उघडलेल्या, घरात हाताळलेल्या पाकिटाला ग्राहक आयोगापुढे फारसे वजन नसते. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 नुसार आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण तक्रार दाखल होऊन ती पायरी येईपर्यंत चिकनचे काय होते ते सांगायला नको. खरा पुरावा घरच्या ताटात नसून दुकानाच्या फ्रीझरमध्ये, त्याच बॅच क्रमांकाच्या न उघडलेल्या पाकिटांत असतो. म्हणून पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि परवान्याचा चौदा अंकी क्रमांक लगेच टिपून अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. अन्नसुरक्षा अधिकारी दुकानातून त्या बॅचचा नमुना घेऊ शकतात. त्याचे चार भाग होतात, एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यावा अशी अन्नसुरक्षा कायद्याची अपेक्षा आहे. बॅच विकून संपली की हा रस्ता बंद. दुकानदाराला आधी खडसावून, व्हॉट्सअॅपवर गाजावाजा करून मग प्रशासनाला फोन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: तोपर्यंत फ्रीझर रिकामा झालेला असतो.

पावतीचे एक वेगळे दुखणे आहे. सुपरमार्केटची पावती थर्मल कागदावर छापतात आणि आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिली तर ती कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा. 2022 पासून अन्नविक्रीच्या पावतीवर परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे, तो नसेल तर तीही एक नोंद. पावती वडिलांनी घेतली आणि आजारी पडला पाहुणा, तरी अडचण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो.

भरपाईच्या मागणीबद्दल मात्र थोडे कडू बोलावे लागेल. आपल्या अर्जांतले आकडे वाचून हसू येते. पाकीट दोनशेच्या आसपासचे, डॉक्टरांचे बिल हजार-दीड हजाराचे, आणि मानसिक त्रासाचे पाच लाख. उत्पादन-दायित्वाच्या व्याख्येत 'अपाय' म्हणजे आजार, इजा, मृत्यू आणि त्यांच्याशी जोडलेला मनस्ताप. वस्तूच खराब निघाली, एवढ्याला तिथे अपाय म्हणत नाहीत. म्हणजे कच्चा नगेट पाहून कुणी आजारी न पडता फेकून दिला असेल, तर ती सदोष वस्तूची तक्रार आहे: पैसे परत, हेलपाट्यांचा खर्च, वाजवी भरपाई. आपल्या भागातल्या मासवडीचे पीठ आत कच्चट राहिले तर जेवण बिघडते, त्याची तक्रारही करावी, पण तिला विषबाधेचा रंग देऊ नये. आजार झाला असेल तर बिले, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्याचा खाडा यांचा कागदोपत्री हिशोब मांडावा आणि मनस्ताप त्या प्रमाणात मागावा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 65 खाली मृत्यूला किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाई ठरलेली आहे. कायद्यानेच साध्या इजेची कमाल मर्यादा एक लाख ठरवली असताना दोन दिवसांच्या जुलाबाला पाच लाख मागणारा अर्ज वाचून पीठ त्यातल्या खऱ्या गोष्टींकडेही संशयाने पाहते.

दुकानदार बहुधा लगेच पाकीट बदलून देतो, वर गिफ्ट व्हाउचर देतो. घ्यायला हरकत नाही. मात्र काउंटरवर पुढे सरकवलेल्या वहीत 'तक्रारीचे पूर्ण निराकरण झाले' या ओळीखाली सही करायची नाही. 'पैसे मिळाले, उर्वरित हक्क राखून' असे लिहून सही करावी. तिथला मुलगा गोंधळतो, मॅनेजरला बोलावतो, आणि बऱ्याचदा खरी बोलणी तिथूनच सुरू होतात. नाही झाली, तर 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येते. त्यानंतरचा टप्पा पुण्याचा जिल्हा आयोग. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जुन्नरहून प्रत्येक तारखेला पुण्याला जाणे परवडत नाही, हे खरे; अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने मागता येते. ती लेखी मागावी, तोंडी नको.

आणखी एक, शेडवाल्यांच्या वतीने. 2020 च्या सुरुवातीला कोरोना कोंबडीतून येतो या अफवेने भाव असे कोसळले की उत्पादनखर्चही निघाला नाही; पुढच्या वर्षी बर्ड फ्लूने तोच अनुभव दिला. आपल्या दोन्ही तालुक्यांत ज्यांच्या घरचा हप्ता कोंबड्यांच्या शेडवर फिटतो, ते आपलेच सभासद आहेत. तक्रार बॅचविरुद्ध करा, दुकानाविरुद्ध करा. 'चिकन खाऊ नका' असा व्हिडिओ केंद्राच्या नावाने फिरवू नका.

राहता राहिले सुटे अन्न. दुकानातच भाजून गरम काचेच्या पेटीत ठेवलेली तंदुरी, कबाब. त्यांना बॅच क्रमांक नाही, लेबल नाही, पावतीवरची वेळ हाच एक धागा. दुकानाने स्वतः शिजवले असल्याने 'उत्पादक दुसराच' ही पळवाट तिथे उरत नाही, पण नमुन्याची अडचण दुप्पट होते. अशा वेळी अन्नसुरक्षा कायद्याचे कलम 40 कामाला येते, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांनी वापरले आहे. सामान्य खरेदीदारही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच: विकत घेतानाच विक्रेत्याला 'मी हे तपासणीसाठी घेत आहे' असे सांगावे लागते. अहवाल दुकानाविरुद्ध गेला तर शुल्क परत मिळते. एखाद्या काउंटरबद्दल एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या, तर कार्यकर्त्याने साक्षीदार घेऊन जावे, तपासणीची सूचना दोन ओळींत लिहून द्यावी, पोच घ्यावी आणि मगच पुडा घ्यावा. शुल्क तक्रारदाराच्या माथी मारू नये. ते तालुका केंद्राने भरावे असे आमचे मत आहे, आणि वार्षिक सभेत त्यासाठी वेगळी तरतूद मांडायला मंचर आणि जुन्नरच्या केंद्रांनी सुरुवात करावी.