फुप्फुसातला धुरकट डाग



गेल्या पंधरवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीची पाहणी करून बांधावर टेकलो होतो. तेवढ्यात वस्तीवरचे आबा सीटी स्कॅनची फिल्म घेऊन आले. मागे अक्का. "साहेब, हिच्या फुप्फुसात डाग निघालाय. हिनं जन्मात तंबाखूला हात लावला नाही. विहिरीकडची दोन एकरं विकून टाकू का?"

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. म्हणून अहवाल घेऊन त्यांच्याबरोबर तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे जे समजले ते तुमच्याही उपयोगी पडेल.

फुप्फुस म्हणजे कोट्यवधी बारीक हवेच्या पिशव्या. सीटी स्कॅनमध्ये हवा काळी दिसते, घट्ट मांस पांढरे. पहाटेच्या धुक्यातही उसाच्या सऱ्या अंधुक दिसतात ना? तशा ज्या डागातून रक्तवाहिन्या दिसत राहतात, तो धुरकट डाग. ज्यातून काहीच दिसत नाही, तो घट्ट डाग.

आता विहीर डोळ्यांसमोर आणा. दगडांवर शेवाळ चढले तरी विहीर मोकळीच राहते. ॲडिनोकार्सिनोमा नावाच्या कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. हा रोग धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो. रोगट पेशी पिशव्यांच्या भिंतीवर अस्तरासारख्या पसरतात. भिंत जाड होते, पण आत हवा राहते. म्हणून चित्रात धुके दिसते. पुढे पिंपळाचे मूळ दगडांच्या सांध्यात शिरावे, तशा पेशी आत घुसतात. पिशव्या मिटतात, व्रणासारखे धागे तयार होतात आणि धुक्यात पांढरा घट्ट भाग दिसू लागतो. धागे आकसले की डागाच्या कडा काटेरी होतात, फुप्फुसाचे आवरणही आत ओढले जाते.

जपानमध्ये नोगुची व सहकाऱ्यांनी १९९५ साली २ सेंटिमीटरपर्यंतच्या, शस्त्रक्रियेने काढलेल्या २३६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या अस्तरासारख्या वाढलेल्या गाठींचे सर्व रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. म्हणूनच आज अशा डागात घट्ट भाग किती, याचे माप रोगाची अवस्था ठरवताना धरतात.

मात्र प्रत्येक धुके कर्करोगाचे नसते. न्यूमोनियाने किंवा रक्तस्रावानेही ते दिसते आणि काही आठवड्यांत, महिन्यांत विरते. उलट, घट्ट दिसणारा भाग कधी नुसता जुना व्रणही असतो. शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

तेव्हा एवढे करा:

१) डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा स्कॅन करा. ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या धुरकट डागासाठी ती साधारणपणे ६ ते १२ महिन्यांनी असते. दुखत नाही म्हणून टाळू नका.

२) जुनी फिल्म सातबाऱ्यासारखी जपा. डाग वाढला की विरला, हे तिच्याशी ताडूनच कळते.

३) खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर तारखेची वाट पाहू नका. क्षयाचीही तपासणी करून घ्या.

४) विडी सोडा. चुलीचा धूर घराबाहेर जाईल अशी सोय करा.

अक्कांचा डाग धुरकट आहे, घट्ट भाग नाही. पुढची तारीख आबांनी दिनदर्शिकेवर लाल खूण करून ठेवली आहे. विहिरीकडच्या दोन एकरांत कांद्याची लागण झाली.